उसना दिलेला नंबर

शांतवनकाका,

शनिवारी कोल्हारच्या दफनभूमीत तुम्हाला ठेवलं तेव्हा मी सगळ्यात मागे उभी होते. पाळकांची प्रार्थना झाली, एकेक जण पुढे जाऊन मूठभर माती टाकू लागला. मीही टाकली. परत फिरताना मार्थाकाकूंनी माझा हात धरला. त्या रडत नव्हत्या. एवढंच म्हणाल्या, "तुला फोन करू दिला न्हाई गं त्यांनी. मी दोनदा मोबाईल हातात घेतला."

तेव्हापासून मी मनात तुमच्याशी भांडते आहे. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "भांड की मग, चार तास हाय माझ्याकडं." डायलिसिसला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ तुमच्याकडे नेहमी असायचा. आपली सगळी भांडणं त्या चार तासांत झाली. एक हात मशीनला बांधलेला, दुसऱ्याने तुम्ही हवेत रेघा मारायचात, आणि मी शेजारच्या स्टुलावर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसायचे.

पहिला दिवस आठवतो. नगरला सावेडीत आमचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. हॉस्पिटलने आम्हाला डायलिसिसच्या नंबरांचं सॉफ्टवेअर करायला सांगितलं होतं. कुणाचा वार कुठला, कुठल्या मशीनवर कोण, कोण वेटिंगला आहे, हे सगळं तोवर विजया सिस्टरच्या डोक्यात आणि एका फळ्यावर होतं. मी व्यवस्थापकांना विचारलं, की हे वापरणाऱ्या माणसांशी मला बोलायचं आहे. ते म्हणाले, "बोला ना. मी आहे, सिस्टर आहेत." मी म्हटलं, "आणि पेशंट?" ते हसले. "पेशंटला काय विचारायचं? त्यांना नुसतं येऊन झोपायचंय."

मी सिस्टरशी बोलत हॉलमध्ये उभी होते, तेव्हा कोपऱ्यातल्या मशीनवरून तुमचा आवाज आला. "ओ मॅडम, कवाधरनं लिहिताय, काय लिहिताय?"

मी सांगितलं. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "मी उसाच्या ट्रॉल्या बनवायचो. ट्रॉली बनवताना ट्रॅक्टरवाला माझ्या डोक्यावर उभा असायचा. हुक खाली घ्या, मागचा फाळका मोठा करा. मी त्याला शिव्या द्यायचो, त्यो मला द्यायचा. पन ट्रॉली त्याच्या कामाची हुयाची. तुमी आमच्यासाठी ट्रॉली करताय आन आमाला दारात बी उभं करीना."

मी स्टूल ओढून तुमच्याजवळ बसले. माझ्या कागदांवर सगळीकडे 'वापरकर्ता' असा शब्द होता. तुम्ही तो वाचून घेतलात आणि शेजारच्या पेशंटला म्हणालात, "आपन वापरकर्ते हाय म्हनं. मला तर वाटतं ही मशीनच आपल्याला वापरती."

नंतरच्या काही महिन्यांत तुम्ही मला जे शिकवलंत ते कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं, असं लिहिलं तर तुम्हाला आवडेल. पण ते तितकंसं खरं नाही. कॉलेजात शिकवलं होतं की वापरणाऱ्याला सुरुवातीपासून सोबत घ्या. मी परीक्षेत ते लिहून मार्कही मिळवले होते. फक्त वापरणारा माणूस चिडका असेल, मध्येच त्याचं बीपी खाली जाऊन त्याला उलटी होईल, आणि तोंड पुसून तो "हां, तर मी काय म्हनत हुतो" म्हणत पुन्हा भांडायला लागेल, हे तिथे कुणी सांगितलं नव्हतं.

पहिलं मोठं भांडण नंबर बदलण्यावरून. मला वाटत होतं, प्रत्येकाचे वार ठरलेले आहेत, तेवढं मांडलं की झालं. तुम्ही म्हणालात, तसं कुणीच चालत नाही. कुणाच्या घरी लग्न असतं, कुणाची एसटी बंद असते. घोडेगावचे नामदेवभाऊ जनावरांच्या बाजारात म्हशींचे सौदे जमवतात, बाजाराच्या दिवशी त्यांना इथे येणं म्हणजे आठवड्याची कमाई बुडवणं. मग पेशंट आपसात बोलतात, सिस्टर मान हलवतात, आणि आजचा नंबर उद्यावर जातो. "तुमच्या सॉफ्टवेअरमदी ह्याला जागा कुठंय?"

मी म्हटलं, "जागा केली तर दांडगा माणूस गरिबाचा नंबर घेईल. घरी येऊन दम देईल. त्यापेक्षा बदलच नको."

"मग आमी मरायचं का नियमानं?"

दोन आठवडे आपण तेच बोलत होतो. शेवटी तुम्हीच म्हणालात, की दोघांनी हो म्हटल्याशिवाय बदल होऊ नये, विचारायला सिस्टर मध्ये हव्यात, आणि ज्याने नंबर दिला त्याला दुसऱ्याचा नंबर तिथल्या तिथे मिळालाच पाहिजे. "उसनं हाय ते. उसनं दिलेलं बुडता कामा नये." मी स्क्रीनवर 'उसनी पाळी' असं बटन केलं. विजया सिस्टर ते बघून तोंडाला पदर लावून हसल्या आणि निघून गेल्या. तुम्हाला आधी कळेना. मग नामदेवभाऊ तुमच्या कानाशी काहीतरी बोलले आणि तुम्ही डोळे मिटून घेतलेत. पुढच्या वेळी बटनावर 'उसना नंबर' होतं.

ते बटन चाललं, काका. सगळ्यात जास्त तेच चाललं.

तुम्ही चुकलात तेही मला आज लिहायचं आहे, कारण तुम्ही ते कधी लपवलं नाहीत. हॉलमध्ये टीव्ही लावून त्यावर सगळ्यांची नावं दाखवा, असा तुमचा हट्ट होता. म्हणजे मधल्या मधे कुणाचा नंबर लागला की सगळ्यांना दिसेल. मी म्हटलं, नावं नकोत, आकडे दाखवू. तुम्ही चिडलात. "आमी काय चोर हाय, नाव लपवायला?" हॉलमधल्या सगळ्यांना विचारलं. सगळ्यांनी हात वर केले. टीव्ही लागला, आणि तो बाहेरच्या पॅसेजमधूनही दिसायचा.

राहात्याकडची एक मुलगी तेव्हा नुकतीच डायलिसिसवर आली होती. घरच्यांनी बाहेर कुणाला सांगितलं नव्हतं. तिचं लग्न ठरत होतं. मुलाकडचे कुणी दुसऱ्याच पेशंटला भेटायला आले आणि त्यांनी टीव्हीवर तिचं नाव वाचलं. लग्न मोडलं. ठरायच्या आधी सांगायला हवं होतं, असं म्हणणारेही निघाले, पण तो तिचा प्रश्न होता, टीव्हीचा नव्हता.

तुम्ही काकूंना घेऊन तिच्या घरी गेलात. तिथे काय झालं ते मला कधीच सांगितलं नाहीत. पुढचे काही दिवस मशीनवर तोंड भिंतीकडे करून पडून असायचात. मग एकदा, मी काही न विचारता, म्हणालात, "सगळ्यांला इचारलं म्हनलो मी. ती त्या दिवशी आलीच नव्हती."

टीव्हीवर त्याच आठवड्यात आकडे आले. पण त्या वाक्याने माझी झोप नंतरही उडवली. आम्ही लोकांना विचारतो, आणि जो खोलीत नसतो त्याच्या वतीने खोलीतले लोक हो म्हणतात.

तुम्ही तिथे थांबला नाहीत. त्या प्रकरणानंतर तुमची मागणी बदलली. हे दाखवा, ते दाखवा, असं म्हणणं संपलं. आता एकच म्हणणं होतं. "हितून पुढं यात कवाबी बदल केला, तर आमच्यातला एक माणूस बसला पायजे. आन आधी घरोघरी फोन करून इचारलं पायजे." मी व्यवस्थापकांसमोर तुमचं म्हणणं मांडलं. त्यांनी मान हलवली, "नक्की, नक्की" म्हणाले, चहा मागवला. तुम्ही अर्धा कप घेतलात, कारण दिवसाचं पाणी तुम्हाला मोजून होतं.

मग आमचं काम संपलं. सॉफ्टवेअर व्यवस्थित चाललं होतं, आणि व्यवस्थित चाललेल्या सॉफ्टवेअरला आम्हाला बोलवायची गरज उरत नाही. मी दुसऱ्या नोकरीला लागले. तुमचा फोन दिवाळीला आणि नाताळला यायचा. "माझं सॉफ्टवेअर बरं हाय," तुम्ही सांगायचात, तब्येतीचं विचारलं की तेच उत्तर.

गेल्या उन्हाळ्यात मात्र अवेळी फोन आला. हॉस्पिटलने सगळ्या विभागांना मिळून एकच मोठी सिस्टीम आणली होती. बाहेरगावच्या कंपनीची. "आपलं काढून टाकलं. एक दिवस पोरं आली, सिस्टरांना शिकवून गेली. आमाला मोबाईलवर मेसेज आला, अभिप्राय द्या म्हनून. पाच तारे हायत, बोट दाबायचं. मी एक दाबला. तर म्हनतंय, धन्यवाद."

मी रजा घेऊन आले. आपण दोघं व्यवस्थापकांकडे गेलो. ते वाईट माणूस नव्हते, आजही मी तसं म्हणणार नाही. त्यांनी आपल्याला बसवलं, ऐकून घेतलं. मग तुम्हाला म्हणाले, "साळवे, ही सिस्टीम कितीतरी हॉस्पिटलांत चालते. एका हॉलच्या मनासारखी कशी बदलणार? नंबर बदलायचा तर ऑफिसात अर्ज करा, मंजूर होईल." तुम्ही विचारलंत, "किती दिवसांत?" ते म्हणाले, "प्रोसेस आहे."

बाहेर पायऱ्यांवर तुम्ही दम खायला बसलात. आणि मग बोललात. तेवढंच एक बोलणं आपल्यात अर्धवट राहिलं.

"तुमी आमाला इचारलंत. चांगलं केलंत. लई लोकं इचारत बी न्हाईत. पन इचारलं, लिहून घेतलं, आन तुमी गेलात. बनवताना आमी हुतो. मोडताना कुनीच नव्हतं."

मी म्हटलं, "काका, आमचं कंत्राट तेवढंच होतं. सॉफ्टवेअर हॉस्पिटलचं आहे."

"तेच तर म्हनतोय. आमचं हाय असं वाटायला लावलंत."

मला राग आला. मी म्हटलं, मग विचारायलाच नको होतं का? तेवढ्यात मागून काकू आल्या, कोल्हारची गाडी लागली होती. तुम्ही उठताना माझ्या खांद्यावर हात ठेवलात, आधारासाठी की कशासाठी, मला अजून ठरवता येत नाही.

त्यानंतर पेशंट पुन्हा जुन्यासारखे तोंडी नंबर बदलू लागले. विजया सिस्टर डोळेझाक करायच्या आणि नोंद कशीतरी जुळवायच्या. तसंच ते चाललं असतं.

पुढचं मला सिस्टरनी सांगितलं, थोडं काकूंनी, थोडं नामदेवभाऊंनी. मी ते जसं घडलं तसं लिहिते.

नामदेवभाऊंचे थोरले भाऊ सोमवारी पहाटे गेले. सोमवार त्यांच्या डायलिसिसचा वार. ते अंत्यविधीला थांबले आणि त्यांचा नंबर गेला. मंगळवारी त्यांना दम लागला, पाय सुजले. मंगळवार तुमचा. त्यांनी तुम्हाला फोन केला, आणि तुम्ही म्हणालात, "जा, माझ्या जागी झोप. मी गुरुवारी तुझ्या जागी जातो." सिस्टरनाही तुम्ही फोन करून कळवलंत. नामदेवभाऊ तुमच्या मशीनवर झोपले आणि बरे होऊन घरी गेले.

सिस्टीमने त्याची नोंद तिच्या पद्धतीने केली. नामदेवभाऊंचे त्या आठवड्याचे वार पुढे सरकले असं धरून तिने त्यांचं सोमवारचं गैरहजर काढलं आणि त्यांचा गुरुवार आपोआप वेटिंगवरच्या माणसाला दिला. आणि तुम्ही मंगळवारी आला नाहीत, म्हणून तुमच्यापुढे 'गैरहजर' लागलं. मागे रस्ता रोकोत तुमची एसटी राहुरीला अडकली होती, ते एक गैरहजर आधीचं होतं. दोन झाली की ठरलेले वार रद्द होतात आणि पेशंट वेटिंगच्या यादीत जातो. हा नियम कुणी, कुठे बसून केला, ते नगरमध्ये कुणालाच माहीत नाही.

गुरुवारी तुम्ही काकूंबरोबर सकाळच्या गाडीने आलात. नामदेवभाऊंच्या मशीनवर पाथर्डीकडचा एक माणूस आधीच झोपलेला होता. त्यालाही महिनाभर वाट बघून जागा मिळाली होती. सिस्टरनी स्क्रीन बघितली. तुमचा शुक्रवारही तिथे नव्हता. त्यांनी ऑफिसला फोन केला. ऑफिस म्हणालं, कंपनीला मेल करतो. सिस्टर व्यवस्थापकांच्या खोलीत गेल्या, ते पुण्याला गेले होते. सगळी मशीनं चालू होती. सिस्टर मला म्हणाल्या, "कुणाला उठवू, रोहिणी? तूच सांग, कुणाला उठवू?"

त्यांनी तुम्हाला दुसऱ्या हॉस्पिटलात जायला सांगितलं. तुम्ही गेलात. तिथे मशीनवर घेण्याआधी रक्ताचे नवे रिपोर्ट हवे होते. रक्त घेतलं आणि उद्या या म्हणाले. सिस्टरनी शनिवारी संध्याकाळी कसंही करून घेते, असा शब्द दिला होता, म्हणून शुक्रवारी पुन्हा एसटीने न येता शनिवारपर्यंत थांबायचं तुम्ही ठरवलंत. बसस्टँडवर केळीवाला होता, पण डायलिसिसमुळे तुम्हाला केळं चालत नाही, म्हणून काकूंनीही खाल्लं नाही. तिथेच काकूंनी मोबाईल काढला होता.

"म्हनाले, ती आता तिथं न्हाई. तिच्या हातात काय हाय? उगं जीवाला लावून घेईल."

काका, माझ्या हातात खरंच काही नव्हतं. मी कुणाला फोन केला असता, तोही मला ठाऊक नाही. पण मी नगरला आले असते. त्या ऑफिसच्या दारात बसले असते. आरडाओरडा केला असता. तुम्ही मला तेवढीही जागा दिली नाहीत, आणि त्या दिवशी पायऱ्यांवर मी जे बोलले त्यामुळे दिली नाहीत, की मायेपोटी, हे मला आता कुणाला विचारता येणार नाही.

शुक्रवारी दुपारी तुम्हाला दम भरला. शेजारच्यांची गाडी काढून काकू तुम्हाला घेऊन नगरकडे निघाल्या. राहुरीच्या पुढे काकूंनी गाडी थांबवायला सांगितली. त्या म्हणाल्या, आता घाई करायचं कारण नाही.

हॉस्पिटलचं म्हणणं आहे की रुग्ण दोनदा गैरहजर राहिला. ते खोटं नाही. तुम्ही खरंच तिथे नव्हता. मंगळवारी तुम्ही कोल्हारला घरी होता आणि तुमच्या मशीनवर दुसरा माणूस जगत होता.

तो दुसरा माणूस शनिवारी दफनभूमीच्या फाटकाबाहेर दगडावर बसून होता. आत आला नाही. मी जवळ गेले तर नामदेवभाऊ म्हणाले, "मी म्हशी इकल्या जन्मभर. दात बघून वय सांगतो. मला ह्यांचा चेहरा बघून कळाया पायजे हुतं." मी म्हटलं, तुम्ही त्यांचा चेहरा बघितलाच नाही, फोनवर बोललात.

सोमवारी विजया सिस्टरचा मला फोन आला. नामदेवभाऊ आले नाहीत. फोनही उचलत नाहीत. त्यांच्या नावापुढे आता एक गैरहजर लागलं. गुरुवारी नाही आले तर दोन.

मी काकूंना सांगायला कोल्हारला गेले. खरं म्हणजे सांगावं की नाही, हेच मला कळत नव्हतं. घरात अजून माणसं येत-जात होती. काकूंनी ऐकलं, आत गेल्या, चपला घालूनच बाहेर आल्या. त्यांची जाऊ म्हणाली, अजून घर मोकळं नाही झालं, कुठं निघालीस. काकू म्हणाल्या, "घोडेगावला."

माझ्याच गाडीतून निघालो. घोडेगावात घर विचारत गेलो. नामदेवभाऊ पडवीत खाटेवर बसले होते, चेहरा सुजलेला, पाय टोपल्यासारखे. काकूंना बघून उठायला गेले आणि उठता आलं नाही. त्यांच्या बायकोने आतून पाणी आणलं. काकूंनी ते घेतलं, प्यायल्या आणि खाटेच्या कडेवर बसल्या.

मग नामदेवभाऊ म्हणाले, "वहिनी, मी आता त्या मशीनवर न्हाई झोपणार. त्यांचं हाय ते."

काकू म्हणाल्या, "त्यांनी दिलं ना तुमाला? मग तुमी न्हाई घेतलं तर ते कशापायी गेले?"

एवढं बोलल्यावर त्या पहिल्यांदा रडल्या. नामदेवभाऊंच्या बायकोने त्यांना धरलं. मी अंगणात जाऊन उभी राहिले. शेजारच्या गोठ्यात कुणीतरी पेंड कालवत होतं.

थोड्या वेळाने आतून काकूंचा आवाज आला. "शर्ट घाला. गाडी हाय आपल्याकडं."

तो मंगळवार होता, नामदेवभाऊंचा वार नव्हे. सिस्टरना रस्त्यातून फोन केला. त्या म्हणाल्या, घेऊन या. त्यांनी कसं जमवलं, कुठल्या नावावर टाकलं, मी विचारलं नाही. नामदेवभाऊ मशीनवर गेले. तुमच्या मशीनवर एक बाई होती, साठीची, राजूरकडून आलेली. पोराने तिला नगरात खोली घेऊन ठेवलं आहे. सिस्टर तिच्याकडे बोट न दाखवता मला म्हणाल्या, "नवीन आहे."

काकू बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. मी शेजारी बसले. त्यांनी विचारलं, "रोहिणी, दोनदा न्हाई आलं की नाव जातं, हे ज्यानं लिहिलं त्याला भेटायचं तर कुठं जायचं?"

मी सांगायला लागले. कंपनी बाहेरगावची आहे. तिथे एक टीम असते. त्यांना हॉस्पिटल सांगतं, हॉस्पिटलला कमिटी सांगते. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की मी कुणाचंच नाव घेत नाहीये. काकू माझ्या तोंडाकडे बघत होत्या, नाव येईल म्हणून वाट बघत होत्या.

"कुनी माणूसच न्हाई का तिथं?" त्या म्हणाल्या.

आतून सिस्टरनी हाक मारली, नामदेवभाऊंना पांघरूण हवं होतं. काकूंनी खांद्यावरची शाल काढली आणि आत नेऊन दिली.